जावयाच्या ताटात ओमेना

(किसुमू, केनिया. तळ्याकाठची मासे तळणारी टपरी. दुपार. ओदोंगो आणि नेकेसा जेवायला बसलेत. क्विंटर धापा टाकत येऊन नुकतीच टेकली आहे.)

क्विंटर: ...नको, मला मासा नको, खरंच नको. मळमळतंय मला.

ओदोंगो: मासा बघून?

क्विंटर: कॉम्प्युटरचा कोड बघून!

नेकेसा: झालं. ओदोंगो, डोकं मला दे, तू शेपटी घे. हिचं आता बराच वेळ चालणार.

क्विंटर: हसू नका ना! ऑफिसातून इथपर्यंत पायी आलेय मी, म्हटलं वारा लागला तर ओकारी तरी थांबेल. शी! तुम्ही कधी कुणाकडे जेवलात, अगदी बोटं चाटून जेवलात, आणि मग कळलं की ज्या पातेल्यात शिजवलं त्यातच काल कुत्र्याला आंघोळ घातली होती? तसं झालंय मला. त्याच कोडमध्ये मी रोज बसते, माझं घर असल्यासारखी फिरते, आणि...

ओदोंगो: क्विंटर. आईचं सांग.

क्विंटर: तेच सांगतेय!

ओदोंगो: नाही, तू कुत्र्याचं सांगतेयस. माझ्या आईनं चूक केली का? हो की नाही?

क्विंटर: नाही.

ओदोंगो: नाही म्हणजे?

क्विंटर: नाही म्हणजे नाही! एकही होडी तिनं चुकीची लिहिलेली नाही. मी सगळ्या बघितल्या. ओगुतूची होडी, शिडाची, असं स्वच्छ लिहिलंय.

ओदोंगो: मग तो मेसेज? किनाऱ्याच्या ग्रुपवर सगळ्यांनी वाचला तो?

नेकेसा: थांबा, थांबा. मी दोन दिवस बुंगोमाला होते. कसला मेसेज? आणि तुझ्या आईचा हिच्या कंपनीशी काय संबंध?

ओदोंगो: अगं, हिच्या कंपनीच्या पेट्या नाहीत का होड्यांवर? वारा वाढला की शिट्टी मारतात, मागे फिरा म्हणून. तर आमच्या किनाऱ्यावर होड्यांची नोंद करायचं काम आईकडे. कुणाची होडी, कसली होडी, सगळं ती फोनमध्ये भरते. परवा ओगुतूची शिडाची होडी उलटली. माणसं निघाली बाहेर, पण त्याचा हात मोडला, शीड गेलं, जाळी गेली. आणि पेटीनं शिट्टी मारली कधी? तो पाण्यात पडल्यावर!

नेकेसा: अरे देवा.

ओदोंगो: आणि आज सकाळी कंपनीचा मेसेज. 'किनाऱ्यावरच्या नोंदणी करणाऱ्या व्यक्तीनं होडीचा प्रकार चुकीचा भरला होता. आता दुरुस्त केला आहे.' व्यक्ती म्हणे! किनाऱ्यावर नोंदणी करणारी व्यक्ती आहेच कोण? एकच आहे, मिन ओपियो.

नेकेसा: मिन ओपियो म्हणजे तुझीच आई ना? तुमचं ते जुळ्यांचं मला अजून नीट कळत नाही.

ओदोंगो: मिन ओपियो म्हणजे ओपियोची आई, तो आधी बाहेर आला म्हणून आईला त्याचं नाव. मी मागून आलो, मला चालवायला टुकटुक रिक्षा मिळाली. ते जाऊ दे. ओगुतूचा भाऊ तिच्यासमोर थुंकला, नेकेसा. तिच्या पायांच्या पुढ्यात. आज एकाही होडीनं तिला विकायला मासे दिले नाहीत. टोपली तशीच घेऊन घरी आली ती.

क्विंटर: ऐकलंस? आणि मी तिकडे त्या थुंकणाऱ्यापेक्षा घाण माणसाच्या शेजारी बसून कॉफी पितेय!

नेकेसा: तुझा साहेब, ओबुरा?

क्विंटर: इंजिनिअर ओबुरा! नुसतं ओबुरा म्हटलं तर राग येतो त्याला.

ओदोंगो: चूक आईची नाही, तर कुणाची? पेटी बिघडली होती?

क्विंटर: पेटी बिचारी काय करेल, पेटी सांगितल्यावर वाजते. ऐक. होड्या तीन प्रकारच्या. इंजिनाची, शिडाची, वल्ह्याची.

ओदोंगो: हे मला तू सांगणार?

क्विंटर: ऐक तर! इंजिनवालीला ताशी चाळीस किलोमीटरचा वारा झेपतो, शिडवालीला पंचवीस, वल्ह्याच्या होडीला पंधरा. त्याच्या वर गेला की शिट्टी. आता कोडमध्ये 'बोट' नावाचा एक मोठा टाइप आहे, त्याच्या पोटात शिडाची आणि वल्ह्याची असे बारके टाइप. आणि 'मर्यादा' नावाची तीन फंक्शनं, म्हणजे विचारलं की उत्तर देणारे कोडचे तुकडे. एक कुठल्याही बोटीसाठी, ते चाळीस सांगतं. एक खास शिडाचं, ते पंचवीस सांगतं. एक वल्ह्याचं. नाव मात्र तिघांचं एकच.

नेकेसा: टाइपच्या आत लिहिलीत की बाहेर?

क्विंटर: बाहेर.

नेकेसा: ई!

क्विंटर: हो ना?

ओदोंगो: काय झालं? बाहेर ठेवलं म्हणजे काय, उपाशी ठेवलंय का त्यांना?

क्विंटर: अरे, तो 'बोट' टाइप नैरोबीच्या टीमचा. त्याला हात लावायचा नाही, ते देव आहेत. मग आमच्याकडच्यांनी बाहेरून चिकटवलं. पायाला जळू चिकटते ना, तसं. आणि दिसतं किती गोड! होडीचं नाव, पुढे टिंब, पुढे मर्यादा. वाचणाऱ्याला वाटतं, आपण होडीलाच विचारतोय, बाई गं, तुला किती झेपेल? आणि होडी सांगतेय. होडी कुठली सांगतेय! तिचं तोंड बांधलंय! तिच्या वतीनं कंपायलर बोलतो, तेही प्रोग्राम सुरू व्हायच्या आधी, तिचं थोबाडही न बघता!

ओदोंगो: कंपायलर कोण? ओबुराचा मेहुणा?

नेकेसा: आपण लिहिलेला कोड तपासून मशीनला कळेल असा करून देणारा प्रोग्राम. जे लिहिलंय तेवढंच वाचतो. समोर प्रत्यक्षात कोण येणार, ते त्याला माहीत नसतं.

क्विंटर: तरी चाललं होतं रे इतके दिवस! कारण शिडाच्या होड्यांना इशारा द्यायचं फंक्शन वेगळं, वल्ह्याच्यांना वेगळं, इंजिनवाल्यांना वेगळं. तिथं कंपायलरला लिहिलेलं दिसायचं, ही शिडाची, की तो शिडाचीच मर्यादा उचलायचा. दिसायला गबाळं, तेच तेच तीनदा लिहिलेलं, पण बरोबर. मग डेन्मार्कहून पैसे देणारे पाहुणे येणार म्हणून इंजिनिअरसाहेबांना झाडलोट सुचली. तिन्ही मोडली आणि एकच बांधलं. सगळ्यांसाठी! कुठलाही टाइप येऊ दे, अट एकच, तो बोट असला पाहिजे.

नेकेसा: टाइप पॅरामीटर, आणि त्याच्यावर 'बोट'ची अट.

क्विंटर: आणि त्याच्या आत काय? होडी, टिंब, मर्यादा!

नेकेसा: अगं बाई. आत गेल्यावर कंपायलरला एवढंच ठाऊक, की ही बोट आहे.

क्विंटर: तेवढंच!

नेकेसा: म्हणजे सगळ्यांना चाळीस.

क्विंटर: सगळ्यांना चाळीस!

नेकेसा: शी.

क्विंटर: शी ना? शी!

ओदोंगो: तुम्ही दोघी शी शी करताय आणि मी इकडे नुसता काटे काढतोय. माणसांच्या भाषेत सांगा की.

नेकेसा: बरं. समज, तुमच्या घरी मांडव घातलाय, मोठं जेवण आहे. दारावर तू.

ओदोंगो: मीच असणार. ओपियो आत, मी दारावर.

नेकेसा: तुला सांगितलंय, पाहुणा असेल त्याला आत सोड, बाकी कुणाला नाही. ही झाली अट. आता जावई आला.

ओदोंगो: जावई पाहुणाच की.

नेकेसा: म्हणून तू त्याला सोडलंस. बरोबर केलंस. पण आत स्वयंपाकघरात ताटं सकाळीच वाढून ठेवलीत. त्यांना निरोप काय होता? पाहुणे येणार. बस, एवढाच. पाहुण्याचं ताट कसलं असतं तुमच्यात?

ओदोंगो: मक्याच्या पिठाची उगाली, भाजी, ओमेना.

नेकेसा: आणि जावयाचं?

ओदोंगो: कोंबडी! अगं, जावयाला कोंबडीच. जावयाच्या ताटात ओमेना? ती बोटभर मासळी? उठून जाईल तो, पुढची दहा वर्षं दोन्ही घरं त्यावरच भांडतील!

नेकेसा: वाढली ओमेना. वाढणारीनं तोंड बघितलंच नाही, तिला सांगितलं होतं पाहुणा.

ओदोंगो: आणि जावई गप्प बसला?

क्विंटर: त्याला बोलायची सोयच नाही, तेच तर सांगतेय! मर्यादा टाइपच्या आत असती ना, त्याची स्वतःची मेथड म्हणून, तर ताट समोर आल्यावर तो म्हणाला असता, अहो, मी जावई, माझी कोंबडी कुठाय? आणि तेव्हाच्या तेव्हा, प्रोग्राम चालू असताना, त्याचं ताट त्याला मिळालं असतं. दारावरची अट काही का असेना! अट बोटीची असली तरी आत जी होडी येईल ती आपल्या तोंडानं उत्तर देते. पण मेथड असली तर. बाहेरून चिकटवलेलं नाही चालत तसं.

ओदोंगो: म्हणजे आईनं दारावर सांगितलं होतं, हा जावई.

क्विंटर: ओरडून सांगितलं होतं!

ओदोंगो: आतल्यांनी ओमेना वाढली.

क्विंटर: आणि आता म्हणतायत, दारावरच्या बाईनं सांगितलंच नाही.

नेकेसा: काय रे? घास का खाली ठेवलास?

ओदोंगो: काही नाही. काटा लागला.

नेकेसा: उगालीचा घास घे मोठा.

ओदोंगो: काटा नाही लागला. मी सकाळी ओरडलो तिच्यावर. अख्ख्या आळीनं ऐकलं. ती म्हणत होती, मी बरोबर भरलंय, मी शीडच दाबलं होतं. मी म्हटलं, आई, कॉम्प्युटर खोटं बोलत नाही, तूच चष्मा न लावता भरलं असशील.

नेकेसा: मग?

ओदोंगो: मग काय. चष्मा काढून पुसला तिनं. लावला परत.

क्विंटर: आता मला खरंच ओकारी येईल.

नेकेसा: पण क्विंटर, टेस्ट होत्या ना तुमच्याकडे? इतकी मोठी झाडलोट केल्यावर एकही टेस्ट नापास होऊन लाल झाली नाही?

क्विंटर: सगळ्या हिरव्यागार! विचार का. टेस्टमध्ये काय लिहिलंय? एक शिडाची होडी घे आणि थेट तिला विचार, मर्यादा किती? पंचवीस. शाब्बास, हिरवा! थेट विचारलं तर कंपायलरला दिसतंच ना, शिडाची आहे! त्या नव्या फंक्शनच्या दारातून आत नेऊन कुणी विचारलंच नाही.

ओदोंगो: म्हणजे जावयाला रस्त्यात गाठून विचारलं, तू कोण? जावई. वा! आणि झाली तपासणी. ताट कुणी बघितलंच नाही.

नेकेसा: हा आता मला नोकरी मागेल.

क्विंटर: आणि त्या झाडलोटीबद्दल केक कापला होता! खोटं नाही सांगत. कोड किती कमी केला म्हणून. मी पण खाल्ला तो केक. हिरव्या आयसिंगचा. आता आठवतंय तर जिभेवर येतंय ते हिरवं.

नेकेसा: ठीक आहे, चूक झाली. असली चूक आमच्या बँकेतही होते, माझ्याकडूनही होईल. यात किळस येण्यासारखं काय आहे? वाईट वाटण्यासारखं आहे.

क्विंटर: थांब. अजून मी घाणीपर्यंत पोचलेच नाही. आज सकाळी मी यायच्या आधी त्यानं काय केलं? त्या एकाच फंक्शनच्या पोटात एक ओळ कोंबली. होडी शिडाची असेल तर पंचवीस धर. आणि बदलाचं कारण काय लिहिलं? 'किरकोळ.'

नेकेसा: म्हणजे त्याला कळलं होतं.

क्विंटर: कळलं होतं! आधी ती ओळ, आणि मग, अर्ध्या तासानं, ग्रुपवर तो मेसेज. याच क्रमानं. आधी स्वतःचं पुसलं आणि मग ते फडकं मिन ओपियोच्या तोंडावर फेकलं! आणि मला हसत हसत म्हणतो, क्विंटर, तुझं नाव घातलंय हं अहवालात. तपास करणारी, क्विंटर. कारण, नोंदणीतली चूक. चारला पाहुण्यांची मीटिंग आहे, त्याआधी नुसतं 'मान्य' दाब. वर पुदिन्याची गोळी पुढे केली. मी घेतली पण! हातात घेऊन बसले वेड्यासारखी. हे बघ, अजून खिशात आहे. चिकट झालीये. शी.

ओदोंगो: तू दाबलंस?

क्विंटर: दाबलं असतं तर इथं आले असते का?

नेकेसा: दाब.

ओदोंगो: काय?

नेकेसा: दाब म्हणतेय मी. ऐकून घे, ओदोंगो, डोळे वटारू नकोस. शिडाच्या होड्यांची दुरुस्ती झालीये, घाणेरडी का होईना. हिला नोकरी लागून वर्ष झालं नाही अजून, धाकट्या बहिणीची फी हीच भरते. ओबुरा उद्या हिला काढेल आणि परवा कुणी दुसरं 'मान्य' दाबेल. हिनं दाबावं, दोन महिन्यांत दुसरीकडे जावं, आणि तुझ्या आईला घरी जाऊन खरं सांगावं.

ओदोंगो: घरी? थुंकले किनाऱ्यावर आणि सांगणार घरी?

नेकेसा: मग कुठं सांगणार? किनाऱ्यावर जाऊन टाइप पॅरामीटर समजावणार?

ओदोंगो: मला समजला की! मासा खाता खाता समजला!

क्विंटर: भांडू नका ना, माझं डोकं आधीच...

ओदोंगो: एक मिनिट. क्विंटर, ती जी ओळ कोंबली म्हणतेस. त्यात फक्त शीड?

क्विंटर: हो. होडी शिडाची असेल तर पंचवीस.

ओदोंगो: आणि वल्ह्याची?

क्विंटर: वल्ह्याची तर...

नेकेसा: क्विंटर?

क्विंटर: थांब. थांब, थांब. लॅपटॉप काढते. ते ताट सरकव. अरे, ही चिलटं!

ओदोंगो: पुसू नकोस, पडद्यावर चिकटतील. फुंकर मार. तळ्याची चिलटं आहेत, उजेड दिसला की आलीच.

क्विंटर: हे बघ. इथं एक वल्ह्याची होडी बनवते. कुणाचं नाव देऊ?

ओदोंगो: म्हाताऱ्या ओविनोचं दे. सगळे म्हातारेच जातात वल्ह्यानं. शिडाला पैसे नसलेले.

क्विंटर: ओविनो. प्रकार, वल्ह्याची. आता त्या फंक्शनच्या दारातून आत. वारा, वीस.

नेकेसा: वाजायला पाहिजे.

क्विंटर: नाही वाजली.

नेकेसा: तीस कर.

क्विंटर: नाही.

ओदोंगो: तीसला ओविनो म्हातारा जिवंत नसेल गं.

क्विंटर: एकोणचाळीस. नाही. नाही वाजत. त्यानं फक्त उलटलेली होडी दुरुस्त केली, नेकेसा. जी उलटली तेवढीच. जी अजून उलटली नाही तिचा विचारच नाही केला.

नेकेसा: फोन लाव त्याला. आत्ता.

क्विंटर: लावतेय. वाजतोय... हॅलो, सर. हो सर, जेवतेय. नाही, अजून दाबलं नाही. सर, वल्ह्याच्या होड्यांचं तसंच आहे. तसंच म्हणजे त्यांनाही चाळीस. हो, आत्ता चालवून बघितलं. ... नाही सर, नोंद बरोबर आहे, मी स्वतः वल्ह्याची म्हणून... ... पण आज संध्याकाळी जातील ना ते? ... सर, थोडेच असले म्हणून काय झालं? ... मग निदान तुम्ही मान्यता द्या, मी आणखी एक ओळ टाकते. मला एकटीला बदल चढवता येत नाही, तुम्हाला माहितीये. ... मीटिंगनंतर? मीटिंगनंतर म्हणजे जेवण, आणि जेवणानंतर... ... नाही सर. मी चिडले नाहीये. ... हो. गोळी खाल्ली सर. थँक यू.

ओदोंगो: काय म्हणाला?

क्विंटर: उद्या बघू. आज काही बदललं तर पाहुण्यांना बदलांच्या यादीत दिसेल, आणि ते विचारतील. वल्ह्यावाल्यांनी पेट्या फुकट घेतल्यात, म्हणे. आणि म्हणाला, तू फार छान काम करतेस, मी पाहुण्यांना तुझं नाव सांगणार आहे.

नेकेसा: थू.

ओदोंगो: नेकेसा!

नेकेसा: काय नेकेसा? चुकले मघाचे माझे शब्द. परत घेतले. नको दाबूस गं. त्याच्या तोंडावर 'अमान्य' दाब.

क्विंटर: 'अमान्य'चं बटण नाहीये. 'मान्य' आणि 'नंतर' एवढीच दोन आहेत.

ओदोंगो: तीही त्यानंच बनवलीत ना?

नेकेसा: ग्रुप. किनाऱ्याचा ग्रुप. क्विंटर, तू आहेस त्यात?

क्विंटर: आहे. पेट्या बसवल्या तेव्हा मला घातलं होतं. पण तिथं लिहिलं की...

नेकेसा: गेली नोकरी.

क्विंटर: गेलीच.

नेकेसा: धाकटीची या सत्राची फी मी बघते. माझ्याकडे असं बघू नकोस. बँकेचा कोड घाण आहे, पगार नाही.

क्विंटर: काय लिहू? 'टाइप पॅरामीटरवर घातलेल्या अटीमुळे...'

ओदोंगो: पुसून टाक. पहिल्या शब्दालाच झोपतील सगळे.

क्विंटर: मग तू सांग!

ओदोंगो: लिही. मी क्विंटर, पेट्यांच्या कंपनीतली. मिन ओपियोनं सगळ्या होड्या बरोबर भरल्या होत्या.

क्विंटर: ...बरोबर भरल्या होत्या. पुढे?

ओदोंगो: चूक आमच्या ऑफिसात झाली. आम्ही जावयाला ओमेना वाढली.

नेकेसा: असं कसं लिहील ती!

क्विंटर: लिहिलं. हेच कळेल त्यांना. 'सगळ्या होड्यांना पाहुणा समजलो, आणि जावयाला ओमेना वाढली. ओगुतूच्या होडीला शिट्टी उशिरा गेली ती म्हणून. वल्ह्याच्या होड्यांना आजही शिट्टी जाणार नाही. आज वल्ह्यानं कुणी जाऊ नका. पेटीवर विश्वास ठेवू नका. मिन ओपियो सांगेल ते ऐका.' बास?

नेकेसा: खाली नाव घाल. पूर्ण.

क्विंटर: घातलं. पाठवू?

ओदोंगो: पाठव.

क्विंटर: पाठवलं. अरे देवा, पाठवलं. पाणी द्या कुणीतरी.

नेकेसा: घे. हळू.

क्विंटर: बघितलं सहा जणांनी. आठ. कुणी काही लिहीत नाहीये. का लिहीत नाहीयेत? ओगुतूच्या भावानं पण बघितलं, हा बघ. आणि हा... हा ओबुरा. फोन येतोय त्याचा.

नेकेसा: उचलू नकोस. मासा खा.

क्विंटर: गार झाला असेल.

नेकेसा: गार खा. ओदोंगो, तुझा पण वाजतोय बघ.

ओदोंगो: आई आहे.

नेकेसा: मग उचल ना! बघतोयस काय?

ओदोंगो: हॅलो, आई. ... हो, वाचलं. माझ्यासमोरच लिहिलं तिनं. आई, ऐक, सकाळी मी... ... काय? ... थांब, विचारतो. क्विंटर, ती विचारतेय, फक्त वल्ह्याच्या की शिडाच्यांनाही थांबवायचं?

क्विंटर: फक्त वल्ह्याच्या. शिडाच्या पेट्या वाजतील आता. तिला म्हणावं, मी...

ओदोंगो: फक्त वल्ह्याच्या, आई. ... हो. ... हो, चष्मा लावून वाचलंस, कळलं मला. ... काय म्हणालीस?

नेकेसा: काय म्हणतेय?

ओदोंगो: म्हणतेय, ओविनो आणि बाकीचे आत्ताच पाणी उपसून होड्या ढकलायला लागलेत. ती जाऊन सांगेल. पण तिचं ऐकतील का आता?

क्विंटर: आपण सगळेच जाऊ. टुकटुक कुठाय तुझी?

ओदोंगो: आई, तू पाण्यापाशी जाऊन नुसती उभी राहा. मी येतोय. सकाळी तुझ्यावर ओरडलो ना, तेवढ्याच मोठ्यानं सांगतो सगळ्यांना.